पडद्यावर ‘उपलब्ध’, कपाटात नाही : वाचनालयांचे प्रश्न, आमची उत्तरं

वाचनालयाच्या फळ्यावर नव्या पुस्तकांची नावं लिहिली की वाचक ती वाचून आत जायचा. आता तोच वाचक घरून फोनवर पुस्तक शोधतो, ते राखून ठेवायला सांगतो, अभिप्राय लिहितो आणि उत्तराची वाट बघतो. हे उत्तर देण्याचं काम ज्यांच्या अंगावर येऊन पडलं आहे, त्या ग्रंथपालांची आणि सहायकांची पत्रं या वेळी जास्त आहेत. सगळी मुंबई आणि उपनगरांतली. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे २२ हजार पुस्तकं आहेत. कोहा या वाचनालयांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करून तालिका (पुस्तकांची सूची) वेबवर खुली केली. वाचक मराठी शब्द टाकतात आणि ‘एकही नोंद सापडली नाही’ असं उत्तर येतं. पुस्तक मात्र समोरच्या कपाटात असतं. इंग्रजी पुस्तकं बरोबर सापडतात. सॉफ्टवेअर बदलावं का? — ग्रंथपाल, विलेपार्ले

बदलू नका. दुसरं सॉफ्टवेअर घेतलंत तरी याच नोंदी तिकडे जातील आणि हाच त्रास होईल. दुखणं तीन ठिकाणी असू शकतं. याच क्रमानं तपासा.

पहिली जागा म्हणजे शोधाची मांडणी. कोहातला शोध झेब्रा नावाच्या यंत्रणेवर चालत असेल तर ते बसवताना सीएचआर किंवा आयसीयू यांपैकी एक पर्याय निवडलेला असतो. सीएचआर रोमन लिपीपुरता ठीक आहे, देवनागरीला आयसीयूच लागतं. ज्यानं कोहा बसवून दिलं त्याला एवढंच विचारा, ‘आपलं झेब्रा आयसीयूवर आहे का?’ नसेल तर ते बदलून घ्या आणि सगळ्या नोंदींची अनुक्रमणी (शोध जिच्यावर चालतो ती यादी) नव्यानं करून घ्या. ती केली नाही तर बदल दिसत नाही आणि सगळे म्हणतात, ‘काही फरक पडला नाही.’ हे काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवा.

दुसरी जागा जुन्या फॉन्टची. युनिकोड ही अक्षरं साठवण्याची आजची सामाईक पद्धत येण्याआधी केलेल्या नोंदी एखाद्या परिवर्तकातून (फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनातून) काढून घातल्या असतील तर त्यांतल्या बऱ्याच मोडलेल्या असतात. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमानं साठवलेली असत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची आणि रफार अक्षराच्या नंतर. परिवर्तकाला हा क्रम उलटवावा लागतो आणि जोडाक्षर आलं की तो चुकतो. ‘स्थिती’चं ‘स्िथती’ होतं, ‘मार्च’चं ‘माचर्’ होतं. वाचणाऱ्याला ते कळतं, शोधयंत्रणेला कळत नाही. शीर्षकांचा रकाना एक्सेलमध्ये काढा आणि शब्दाच्या शेवटी ‘र्’ असलेल्या, तसंच पाय मोडलेल्या अक्षरानंतर लगेच ‘ि’ आलेल्या नोंदी गाळून घ्या. मोडक्या नोंदींचा मोठा भाग एवढ्यातच हाताला लागतो.

तिसरी जागा सगळ्यांत फसवी, कारण डोळ्यांना ती दिसतच नाही. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकित होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. एक्सेलमध्ये दोन्ही शब्दांवर लेन हे लांबी मोजणारं सूत्र लावून बघा. पहिल्याची लांबी ६ येते, दुसऱ्याची ७. यंत्रणेच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲक्ट’चंही तसंच. ‘ॲ’ एका अक्षरात लिहिला तर लांबी ४. आधी ‘अ’ आणि मग त्यावर चंद्र दिला तर ५. नोंद करणाऱ्यानं एक तऱ्हा वापरली, वाचकाच्या फोनच्या कीबोर्डनं दुसरी वापरली, की पुस्तक ‘सापडत नाही’.

यावर उपाय म्हणजे एक रूप ठरवायचं आणि सगळ्या नोंदी त्यात आणायच्या. आम्ही ‘ऱ’ आणि एका अक्षरातला ‘ॲ’ सुचवतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्डवर ‘ऱ’ला शिफ्टसकट स्वतःची कळ आहे. एक्सेलमध्ये सब्स्टिट्यूट सूत्रानं ‘र्’ आणि युनिचर ८२०५ (तेच न दिसणारं जोडचिन्ह) ही जोडी शोधून तिच्या जागी ‘ऱ्’ घाला. इथं एक चूक हमखास होते. कुणी नुसतं ८२०५ हे अदृश्य चिन्हच सगळीकडून पुसून टाकतं. तसं केलं की ‘दऱ्या’ लिहिलेल्या ठिकाणी ‘दर्या’ होतो आणि डोंगरांवरचं पुस्तक समुद्रावरच्या पुस्तकांत जाऊन बसतं. म्हणून आधी मूळ फाइलची प्रत ठेवा, ५० नोंदींवर बदल करून बघा आणि मगच सगळ्यांवर करा.

लेखकांच्या नावांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढची तक्रार तीच येणार. ‘पु. ल. देशपांडे’, मध्ये जागा न सोडता ‘पु.ल. देशपांडे’, ‘देशपांडे, पु. ल.’ आणि ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ अशा चार नोंदी एकाच लेखकाच्या असतील तर त्यांच्या नावावर टिचकी मारून चौथा हिस्साच पुस्तकं दिसतात. कोहात प्रमाणित नावांची वेगळी फाइल ठेवता येते. तिथं एक मुख्य रूप आणि बाकीची पर्यायी रूपं लिहा. टोपणनावांसाठी हे फार उपयोगी पडतं. ‘शिरवाडकर’ टाकणाऱ्याला ‘कुसुमाग्रज’ मिळाले पाहिजेत, ‘गोडघाटे’ टाकणाऱ्याला ‘ग्रेस’.

आणि मुंबईतले निम्मे वाचक फोनवर मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितात, हे गृहीतच धरा. सर्वांत जास्त फिरणाऱ्या हजारभर पुस्तकांना २४६ या पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात रोमन रूप द्या. त्यात उच्चारचिन्हं नकोत, एसएमएसमध्ये लिहितात तसं साधं. सगळी २२ हजार एकदम करायला बसलात तर काम अर्ध्यात सुटेल.

सगळं झाल्यावर वहीत दहा शब्दांची एक यादी लिहून ठेवा. दऱ्या, ॲक्ट, स्थिती, मार्च, ज्ञान, सूर्य, पंडित, कऱ्हाड, कुसुमाग्रज, शिरवाडकर. प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर हे दहा शब्द शोधून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : ऑनलाइन आरक्षण सुरू केल्यापासून देवघेवीच्या टेबलाशी रोज वाद होतात. पडद्यावर ‘उपलब्ध’ दिसतं म्हणून सभासद बोरिवलीहून येतो आणि पुस्तक मिळत नाही. — सहायक, दादर

त्या सभासदाचा राग रास्त आहे. चूक मात्र आरक्षणाच्या सोयीची नाही. ‘उपलब्ध’ या शब्दाचा अर्थ यंत्राच्या लेखी एवढाच की पुस्तक कुणाच्या नावावर नाही. ते कपाटात आहे, असं तो शब्द सांगतच नाही. पूर्वी वाचक स्वतः कपाटाशी जायचा आणि नसलं तर दुसरं घ्यायचा, म्हणून हे अंतर झाकलं जायचं.

रोज वाचनालय उघडल्यावर पहिला अर्धा तास देवघेव सुरू करायच्या आधी आरक्षणांची यादी छापा. कोहात ‘काढायची आरक्षणं’ दाखवणारा अहवाल तयारच असतो. यादी दाखल क्रमांकानं (पुस्तक वाचनालयात दाखल झालं त्या क्रमानं) न छापता वर्गांकानं (विषयाच्या क्रमांकानं) छापा, म्हणजे कपाटांच्या ओळीतून एकच फेरी होते. पुस्तक मिळालं की लगेच स्कॅन करा, सभासद क्रमांकाची चिठ्ठी घाला आणि टेबलामागच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. सभासदाला ‘या, पुस्तक आलंय’ हा निरोप त्यानंतरच जाईल अशी मांडणी करा. आरक्षण नोंदवल्याबरोबर जाणारा निरोप बहुतेक भांडणांचं मूळ असतो, कारण लोक तो ‘पुस्तक तयार आहे’ असा वाचतात. त्या निरोपातच स्पष्ट लिहा, ‘तुमची मागणी नोंदवली आहे. पुस्तक हाती आल्यावर पुन्हा कळवू. तोपर्यंत कृपया येऊ नये.’

पुस्तक जागेवर नसेल तर पाच ठिकाणी बघायचं : त्याच कप्प्यात उजवी-डावीकडची दहा-दहा पुस्तकं, वरचा आणि खालचा कप्पा, परत आलेल्या पुस्तकांचं टेबल, वाचन कक्षातली टेबलं आणि बांधणीला गेलेल्यांची यादी. जाडजूड पुस्तकांच्या मागं पडलेली पातळ पुस्तकं विसरू नका. कवितासंग्रह आणि एकांकिका तिथंच दडून बसतात. दोन दिवस लागोपाठ मिळालं नाही तर नोंदीची स्थिती ‘शोध चालू’ अशी करा, म्हणजे तिसरा माणूस तेच आरक्षित करणार नाही. तीन महिन्यांत नाहीच मिळालं तर ‘गहाळ’.

बांधणीला पुस्तकं पाठवताना गठ्ठा बांधायच्या आधी प्रत्येक पुस्तक स्कॅन करून ‘बांधणीत’ ही स्थिती दिली पाहिजे. हे काम शिपायाकडे असतं आणि त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याला शिकवा. कपाटं त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नसतात.

राखून ठेवायची मुदत मुंबईत तीन दिवस पुरत नाही. माणूस सकाळी आठची गाडी पकडतो आणि रात्री परततो तेव्हा वाचनालय बंद झालेलं असतं. मुदत अशी ठेवा की तिच्यात एक शनिवार किंवा रविवार येईलच. सरळ सात दिवस द्या. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या त्या दिवसांचा दंड लावू नका. कोहाच्या दिनदर्शिकेत तो दिवस ‘सुट्टी’ म्हणून टाकला की हिशेब आपोआप जुळतो.

वीज किंवा नेट गेलं तर कागदावर वेळ, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक आणि ‘दे’ किंवा ‘घे’ एवढंच लिहा. नंतर नोंदी त्याच क्रमानं करा. क्रम उलटा झाला तर परत आलेलं पुस्तक पुन्हा जुन्याच सभासदाच्या नावावर चढतं.

प्रश्न : कार्यकारिणीनं साडेतीनशे सभासदांचा व्हॉट्सॲप गट केला. सुप्रभात, फॉरवर्ड आणि राजकारण यांत ‘मुदतवाढ द्या’ हे निरोप हरवतात. काही महिला सभासदांना अनोळखी फोन आल्याच्या तक्रारीही आहेत. — ग्रंथपाल, मुलुंड

गट आजच बंद करा. गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि सभासदानं नंबर वाचनालयाला दिला होता, बाकीच्या साडेतीनशे जणांना नव्हे.

व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप वाचनालयाच्या नंबरावर घ्या. ग्रंथपालाचा खासगी नंबर कधीही वापरू नका. माणूस निवृत्त झाला की सगळे धागे त्याच्याबरोबर जातात, आणि नोकरीत असेपर्यंत त्याला रात्री अकरालाही फोन येतात. नवं सिम घ्यायची गरज नाही, जुना दूरध्वनीही चालतो. त्यावर एसएमएस येत नाही, म्हणून नोंदणी करताना थोडं थांबून ‘मला कॉल करा’ हा पर्याय निवडा. सहा आकडी कोड ऐकू येतो. दूरध्वनीवर आधी ‘अमुक विभागासाठी एक दाबा’ असं ध्वनिमुद्रण लागत असेल तर कोड निसटतो, तेवढ्यापुरतं ते बंद ठेवा. मग लगेच दोन टप्प्यांचा पिन लावा आणि त्याला वाचनालयाचा ईमेल जोडा. जोडलेल्या चार उपकरणांवर एकच खातं चालतं, म्हणजे देवघेवीच्या संगणकावरही उत्तरं देता येतात. मुख्य फोन चौदा दिवस वापरला नाही तर ही उपकरणं आपोआप सुटतात. दिवाळीच्या लांब सुट्टीत हे ध्यानात ठेवा.

‘झटपट उत्तरं’ या सोयीत सात-आठ मजकूर भरून ठेवा. वेळ, वर्गणी, अनामत, मुदतवाढ, पुस्तक सध्या बाहेर आहे वगैरे. मुदतवाढीचा मजकूर असा असू द्या : ‘कृपया सभासद क्रमांक आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक पाठवा.’ वाढ दिल्यावर नुसतं ‘झालं’ लिहू नका, नवी तारीख लिहा. पुढचा दंडाचा वाद तिथंच मिटतो.

एकाच वेळी सर्वांना कळवायचं असेल तर प्रसारण यादी वापरता येते, पण तिच्यात २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणणाऱ्यांचं कारण हेच असतं. नव्या सभासदाची पावती फाडतानाच त्याच्याकडून नंबर साठवून घ्या. नवीन पुस्तकांची यादी, व्याख्यानं, सुट्ट्या यांसाठी चॅनेल काढा. तिथं वर्गणीदार एकमेकांना दिसत नाहीत आणि सुप्रभातही येत नाही.

उत्तर देण्याच्या वेळा ठरवा. सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा, प्रत्येकी वीस मिनिटं. बाकीच्या वेळेसाठी ‘दूर आहोत’ हा मजकूर लावून ठेवा आणि त्यात या दोन वेळा लिहा. चार तासांनी उत्तर मिळालं तर लोकांना चालतं. कधी मिळेल हेच माहीत नसलं की ते चिडतात.

प्रश्न : वेब तालिकेवर वाचकांचे अभिप्राय आणि तारे सुरू करायची इच्छा आहे. कार्यकारिणीला भीती वाटते की कुणी शिव्या लिहील. — ग्रंथपाल, ठाकुरद्वार

कोहात अभिप्राय थेट दिसत नाही. कर्मचाऱ्यानं मंजूर केल्यावरच तो तालिकेवर येतो. तेव्हा ती भीती नको. काळजी करायचीच तर मंजुरीची वाट बघत पडून राहणाऱ्या अभिप्रायांची करा. सभासद मनापासून दहा ओळी लिहितो, महिनाभर त्या दिसत नाहीत आणि तो पुन्हा लिहीत नाही. मंगळवार आणि शुक्रवार असे दोन वार मंजुरीसाठी नेमून ठेवा. नियम तीनच पुरेत : लिहिणं पुस्तकाबद्दल असावं, शेवट फोडू नये, कुणा व्यक्तीवर घसरू नये. नापसंती छापायचीच. ‘कंटाळवाणं वाटलं’ हा अभिप्राय लेखकाच्या चाहत्यांना आवडला नाही म्हणून काढू नका.

तारे सध्या बंदच ठेवा. एका पुस्तकाला दोघांनी तारे दिले तर त्यांतून काहीच कळत नाही, आणि एक तारा मिळालेलं चांगलं पुस्तक उगाच मागं पडतं.

त्याऐवजी खरेदीच्या सूचनांची सोय आधी खुली करा. आमच्या मते वाचनालयाच्या वेबवर ही सगळ्यांत मोलाची जागा आहे. सभासद पुस्तक सुचवतो आणि त्याच्या खात्यात स्थिती दिसत राहते : विचाराधीन, स्वीकारलं, मागवलं, आलं किंवा नाकारलं. नाकारताना कारण लिहिलंच पाहिजे. ‘किंमत जास्त’, ‘छपाईत नाही’, ‘आपल्याकडे दुसरी आवृत्ती आहे, वर्गांक असा’. पुस्तक आल्यावर ज्यानं सुचवलं त्याला पहिली संधी द्या. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच नियमांत दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असा आहे. तो पाळायला याहून सोपी वाट नाही.

प्रश्न : कपाटांवर क्यूआर कोड लावले. दोन आठवड्यांनी सगळे बंद पडले. — सहायक, गोरेगाव

ते ‘डायनॅमिक’ कोड होते. अशा कोडमध्ये तुमचा पत्ता नसतो, कोड बनवणाऱ्या कंपनीचा असतो आणि तिथून वाचक पुढं तुमच्याकडे पाठवला जातो. मोफत मुदत संपली की ती वाट बंद होते. ‘स्टॅटिक’ कोड करा. त्यात तालिकेचा पत्ताच छापला जातो आणि तो कधी मरत नाही. आकार किमान तीन सेंटिमीटर, भोवती पांढरी मोकळी कड, आणि चकचकीत लॅमिनेशन नको. ट्यूबलाइटचा उजेड त्यावर पडला की फोनला कोड वाचता येत नाही. कोडखाली एक ओळ हवीच : ‘या विषयाची सगळी पुस्तकं, घरी गेलेली धरून, इथं बघा.’ कशासाठी आहे ते कळल्याशिवाय कुणी फोन काढत नाही.

प्रश्न : विद्यार्थी एआयकडून पुस्तकांच्या याद्या घेऊन येतात. त्यांतली काही पुस्तकं कुठंच मिळत नाहीत. — महाविद्यालयीन ग्रंथपाल, माटुंगा

ती पुस्तकं नसतातच. अशी साधनं खऱ्या लेखकाच्या नावाला साजेसं शीर्षक जोडून देतात, प्रकाशन आणि वर्षासकट. विद्यार्थ्याला ओशाळवाणं वाटू देऊ नका, यादी घेऊन त्याच्याबरोबर बसा. आधी आपली तालिका, मग एखाद्या मोठ्या ग्रंथालयाची तालिका, मग प्रकाशकाची सूची. तिन्हीकडे नसेल तर त्या ओळीवर फुली मारा आणि तो नेमकं काय शोधत होता ते विचारा. संदर्भ विभागाचं काम इथूनच सुरू होतं, आणि ते करायला विषय ठाऊक असलेला माणूस लागतो. त्या साधनांना तुमच्या कपाटांत काय आहे ते दिसत नाही. सभासदांची नावं, नंबर, त्यांनी काय वाचलं याची माहिती त्यांत कधीही टाकू नका.

प्रश्न : बालविभागाची नोंदणी गूगल फॉर्मवर घेतो. काही काळजी घ्यायला हवी का? — कार्यकर्ती, चेंबूर

हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. फॉर्म पालकांनी भरावा आणि पहिल्या भेटीत टेबलाशी त्यांची सही घ्यावी. मुलाचं नाव, इयत्ता, पालकांचं नाव आणि फोन, इतकंच विचारा. शाळा, जन्मतारीख, फोटो आणि आधारची प्रत लागत नाही. उत्तरांच्या शीटची वाटणी तपासा. ‘लिंक असलेला कुणीही’ असं असेल तर मुलांची यादी सगळ्या जगाला उघडी आहे. ती दोन नेमक्या ईमेलपुरती करा. वर्ष संपलं की जुनी शीट पुसा.

मोठ्यांच्या बाबतीतही, कोहात वाचनाचा इतिहास ठेवायचा की नाही हे सभासदाला स्वतः ठरवता येतं. ती सोय चालू करा आणि सभासदांना तिच्याबद्दल सांगा.

प्रश्न : आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीची पुस्तकं आहेत. स्कॅन करून वेबवर टाकता येतील का? निवृत्त सभासद मदतीला तयार आहेत. — ग्रंथपाल, गिरगाव

पुस्तक जुनं आहे एवढं पुरत नाही, लेखकाचं निधन कधी झालं ते बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. लेखक १९६५ साली गेला असेल तर हक्क २०२५ च्या अखेरीस संपले. हरी नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी दोघंही १९१९ साली गेले, त्यांचं लेखन मोकळं आहे. पण नंतर कुणी लिहिलेली प्रस्तावना, टिपा, चित्रं किंवा अनुवाद यांचे हक्क वेगळे मोजायचे.

आधी दुसऱ्या कुणी ते पुस्तक स्कॅन केलं आहे का ते तपासा. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंजीवनी संग्रहात नक्की बघा. नसेल तर ४०० डीपीआयला, वरून छायाचित्र घेणाऱ्या स्कॅनरवर करा. पुस्तक काचेवर पालथं दाबू नका. जुना कागद घडीवर तुटतो आणि पाठीची शिवण सुटते.

निवृत्त सभासदांसाठी मराठी विकिस्रोत हा हक्कमुक्त पुस्तकांचा वेबवरचा संग्रह उत्तम. पान स्कॅनशेजारी उघडतं, यंत्रानं ओळखलेला मजकूर माणूस दुरुस्त करतो. लाल पान न तपासलेलं, पिवळं एकदा तपासलेलं, हिरवं दुसऱ्या व्यक्तीनं पुन्हा तपासलेलं. तीच व्यक्ती स्वतःचं पान हिरवं करू शकत नाही, म्हणून जोड्या लावा. यंत्र कुठं चुकतं ते आधीच सांगून ठेवा : भ आणि म, ध आणि घ, ब आणि व, अनुस्वार गळणं. जुनी अनुस्वारयुक्त शुद्धलेखनपद्धती ‘सुधारू’ नये, छापलं आहे तसंच ठेवावं, हेही सांगा. चांगल्या मराठीची सवय असलेला माणूस नेमका इथंच चुकतो. एका बैठकीत पाच पानं पुरेत.

प्रश्न : आमच्या सहायक ग्रंथपाल बाई २८ वर्षं नोकरीत आहेत. कपाटातलं प्रत्येक पुस्तक त्यांना माहीत आहे, पण संगणकाला घाबरतात. कार्यकारिणी म्हणते, त्यांच्या जागी तरुण मुलगा घ्या. — चिटणीस, परळ

घेऊ नका, असं आम्ही ठामपणे सांगतो. तरुण मुलगा कोहा दोन आठवड्यांत शिकेल, पण वाचक ‘ते निळ्या मुखपृष्ठाचं, गिरणी संपावरचं’ म्हणाला की त्याला काही सुचणार नाही. बाईंना ते सुचतं. अनुदानित वाचनालयांत तुटपुंज्या पगारावर २८ वर्षं काढलेल्या माणसाला शिकायला वेळ देणं हे तुमचं देणं आहे.

रोज वीस मिनिटं, वाचक नसलेल्या वेळेत, एकाच संगणकावर. पहिले दोन आठवडे फक्त टंकलेखन. इनस्क्रिप्ट शिकवा, कारण त्याची रचना बाराखडीच्या ओळखीवर चालते : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’ इंग्रजी के-च्या कळीवर, ‘र’ जे-वर, हलन्त डी-वर. कळफलकावर मराठी अक्षरांचे स्टिकर लावा. रोमन अक्षरांत लिहून मराठी करणारी पद्धत सुरुवातीला सोपी वाटते, पण जोडाक्षर आलं की ती वेगवेगळे पर्याय पुढं करते आणि नोंदी पुन्हा बिघडतात.

तिसऱ्या आठवड्यात पुस्तकं परत घेणं, कारण त्यात चूक झाली तरी दुरुस्त होते. मग देणं. मग मुदतवाढ. नवीन नोंद करणं सगळ्यांत शेवटी, तिसऱ्या महिन्यात. शेजारी एक वही ठेवा. अडलं की पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा त्यात उतरवायचा आणि उपाय सापडला की खाली लिहायचा. दुसऱ्या महिन्यात ती वही नव्या माणसालाही उपयोगी पडते.

शिकवणाऱ्यानं माउस हातात घ्यायचा नाही. तोंडानं सांगायचं, हात बाईंचे.

देवघेवीची जुनी नोंदवही आणि संगणक दोन्ही चालवायची तारीख आधीच ठरवा, फार तर तीन महिने. त्यापुढं दुहेरी काम ओढत राहिलं तर दोन्हीकडच्या नोंदी अर्धवट राहतात. दाखल नोंदवही मात्र कधीही बंद करायची नाही. ती तपासणीला लागते, आणि सर्व्हर बसला तर कुठलं पुस्तक तुमचं आहे ते तीच सांगते.

वेब तालिकेवर येणाऱ्या खरेदीच्या सूचनांना उत्तर लिहिण्याचं काम बाईंकडेच द्या. ‘हे आपल्याकडे नाही, पण याच लेखकाचं दुसरं तिसऱ्या कपाटात आहे’ असं उत्तर तुमच्या वाचनालयात त्याच लिहू शकतात.